मोराची वाट, उंदराची वाट

पुतणीचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. हिंजवडीतल्या एका कंपनीत ती बऱ्यापैकी वरच्या हुद्द्यावर आहे. त्या हुद्द्याचे नाव मी दोनदा विचारून घेतले, पण बँकेतल्या स्केल वन, स्केल टूच्या पलीकडच्या श्रेणी माझ्या डोक्यात काही राहत नाहीत. "काका, कंपनीने मला कोच दिलाय," ती म्हणाली. कोच म्हटले की माझ्या पिढीच्या माणसाला गळ्यात शिट्टी अडकवून खो-खोच्या पोरांवर ओरडणारे मास्तर आठवतात. हा कोच हॉलंडमध्ये राहतो, पंधरा दिवसांतून एकदा संगणकाच्या पडद्यावर येतो आणि तासभर प्रश्न विचारतो. सल्ला म्हणून द्यायचा नाही, हा त्याच्या धंद्याचा नियम. पहिल्याच बैठकीत त्याने विचारले, "तुला स्वतःला काय हवंय?"

पुतणीने उत्तर दिले. मुलाला चांगल्या शाळेत प्रवेश मिळायला हवाय, सासूबाईंचे गुडघ्याचे ऑपरेशन एकदा व्हायला हवेय, आई-बाबांनी साताऱ्याचे घर विकून पुण्याला यायला हवेय, फ्लॅटचे कर्ज फिटायला हवेय. साहेबांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "हे सगळं इतरांसाठी झालं. तुला काय हवंय?"

"मग?" मी विचारले.

"मग काय, मला रडूच फुटलं. आता तुम्ही सांगा काका, माझं काय चुकलं?"

गंमत बघा. जिला कोणी आयता सल्ला देऊ नये म्हणून कंपनी पैसे मोजत होती, त्या मुलीने बैठक संपल्या संपल्या सल्ल्यासाठी काकाला फोन लावला होता. मी तरी काय सांगणार! 'उद्या बोलू' म्हणून फोन ठेवला आणि कपाटातून सुधीर कक्करांची पुस्तके काढून बसलो.

कक्कर २०२४च्या एप्रिलमध्ये गेले, वयाच्या ८५व्या वर्षी. मराठी वाचकाला हे नाव ठाऊक असेलच तर ते बहुधा 'कामसूत्रा'च्या नव्या इंग्रजी भाषांतरामुळे. वेंडी डॉनिगर यांच्याबरोबर त्यांनी ते २००२ साली केले. एवढ्यावरून माणसाची ओळख ठरावी हा त्यांच्यावर अन्यायच आहे. भारतीय माणसाच्या अबोध मनाचा इतका चिकाटीने पाठपुरावा करणारा दुसरा अभ्यासक आपल्याकडे दाखवता येणे कठीण. मूळचे पंजाबी, जन्म नैनितालचा, १९३८चा. शिक्षण जर्मनी-ऑस्ट्रियात, व्यवसाय दिल्लीत, अध्यापन शिकागोला आणि फ्रान्समध्ये, आणि आयुष्याची शेवटची वीसेक वर्षे गोव्यात, बाणावलीला. परशुरामाचा बाण जिथे पडला ते हे गाव अशी आख्यायिका आहे. बाण सोडणाऱ्याने नेम धरून सोडला होता की नाही कोण जाणे, पण कक्करांचे आयुष्य मात्र नेम धरून सोडलेल्या बाणासारखे मुळीच नव्हते.

वडील ब्रिटिश अमदानीतले दंडाधिकारी. बदलीच्या नोकरीमुळे बालपण पंजाबातल्या गावोगावी गेले. फाळणी झाली तेव्हा कुटुंब रोहतकला होते आणि सुधीर नऊ वर्षांचा होता. सीमेपलीकडून उखडून आलेले नातेवाईक घरात दाटीवाटीने राहत होते आणि रात्री त्यांच्या तोंडून जे ऐकू येत होते ते त्या वयाच्या मुलाने ऐकू नये असे होते. पुढे जवळजवळ पन्नास वर्षांनी, १९९०च्या हैदराबादच्या दंगलींचा अभ्यास करून त्यांनी 'द कलर्स ऑफ व्हायोलन्स' लिहिले, तेव्हा सुरुवातीला त्यांना रोहतकच्या त्या घराकडेच वळावे लागले. हैदराबादच्या जुन्या भागात हिंदूंशी बोलले, मुसलमानांशी बोलले, दंगलीत पुढे असणाऱ्या पैलवानांशीही बोलले. पण त्याआधी स्वतःच्या घरातल्या गोष्टी कशा घडल्या, त्यात किती खरे होते आणि किती भीतीने वाढवलेले होते, हे त्यांनी तपासले. दुसऱ्याच्या मनात उतरायचे तर आधी आपल्या मनाची पायरी उतरावी लागते, हा या शास्त्राचा पहिला धडाच आहे.

हे शास्त्र म्हणजे मनोविश्लेषण. जर्मन भाषेत त्याला आणि त्याच्या भावंडांना मिळून 'खोलीचे मानसशास्त्र' अशा अर्थाचा शब्द आहे. माणूस जे बोलतो, ठरवतो, सह्या करून देतो, त्याच्या तळाशी त्याला स्वतःलाही न दिसणारे काहीतरी हलत असते आणि बहुतेक वेळा दोरी त्याच्याच हातात असते, असे ते मानते. फ्रॉईड, युंग आणि त्यांचे शिष्य यांनी हा तळ शोधला तो व्हिएन्ना-झुरिकच्या दिवाणखान्यांत. तिथे आलेली माणसे होती युरोपातली, बहुतेक सुस्थितीतली. मग प्रश्न असा पडतो, की गाळ सगळीकडे सारखाच असतो का? व्हिएन्नाच्या विहिरीचे मोजमाप वाईच्या विहिरीला लागू पडते का?

हा प्रश्न विचारणारे कक्कर पहिले नव्हेत. कलकत्त्याच्या डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ सालीच भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली होती. फ्रॉईडशी त्यांचा पत्रव्यवहार होता आणि आपल्या हिंदू रुग्णांच्या मनात वडिलांविषयीची भीती तुम्ही म्हणता त्या रूपात दिसत नाही, असे त्यांनी गुरूला नम्रपणे पण स्पष्ट कळवले होते. फ्रॉईडने ते फारसे मनावर घेतले नाही. १९३१ साली त्याच्या ७५व्या वाढदिवसाला बोसबाबूंच्या संस्थेने हस्तिदंती विष्णूची मूर्ती भेट पाठवली, ती मात्र त्याने आवडीने टेबलावर ठेवली. मूर्ती टेबलावर आली, मुद्दा दाराबाहेरच राहिला! महाराष्ट्रात तर मनोविश्लेषणाने मूळ धरलेच नाही. आपल्याकडे रुजली ती अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ पद्धती, कि. मो. फडके यांच्या परिश्रमांमुळे. त्यात रुग्णाशी वाद घालून त्याचा अविवेक त्याला पटवून द्यायचा असतो. वाद घालायचा म्हटल्यावर मराठी माणसाला ते मानवले यात नवल ते काय.

कक्करांना मात्र डॉक्टर व्हायचे नव्हते, मनोविश्लेषक तर नव्हतेच नव्हते. वडिलांच्या इच्छेखातर ते अहमदाबादला मेकॅनिकल इंजिनियर झाले. मग जर्मनीत मानहाइमला व्यवसायाचे अर्थशास्त्र शिकले. (माझ्याही वडिलांनी मला बी.कॉम. आणि बँक या दोन शब्दांपलीकडे पर्याय ठेवला नव्हता. कादंबऱ्या मी व्हाऊचरांच्या मागल्या कोऱ्या बाजूवर लिहिल्या, हे आता निवृत्तीनंतर सांगायला हरकत नाही.) त्या काळातल्या आठवणी त्यांनी २०११ साली 'अ बुक ऑफ मेमरी' या आत्मकथनात लिहिल्या आहेत. आज्ञाधारक मुलाची ओढाताण वाचताना आपल्या घरचीच पत्रे वाचतो आहोत असे वाटते.

अहमदाबादेत त्यांची मावशी होती. कमला चौधरी, स्वतः मानसशास्त्रज्ञ, आणि तिथल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटच्या उभारणीत विक्रम साराभाईंच्या बरोबरीने झटणाऱ्या. १९६४ साली एक पाहुणा अहमदाबादेत मुक्कामाला होता. पांढऱ्या केसांचा, भरघोस मिशांचा अमेरिकन प्राध्यापक. गांधीजींनी १९१८ साली अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा संप चालवला, उपोषण केले, त्या एका घटनेच्या आधाराने गांधीजींचे मन उलगडायचे असा त्याचा बेत होता. हा एरिक एरिक्सन. त्या संपातली भाऊबहिणीची गंमतही त्याला भुरळ घालत होती. अंबालाल साराभाई मालकांच्या बाजूने आणि त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन कामगारांच्या बाजूने. १९६९ साली त्याचे 'गांधीज ट्रुथ' प्रसिद्ध झाले आणि पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

एरिक्सनची स्वतःची कथा कक्करांहून विलक्षण. खरे वडील कोण हे त्याला कधीच कळले नाही. तरुणपणी चित्रकार म्हणून युरोपभर भटकला, एका लहानशा शाळेत शिकवण्यासाठी व्हिएन्नाला आला आणि फ्रॉईडच्या मुलीकडे, ॲना फ्रॉईडकडे, त्याचे विश्लेषण झाले. विद्यापीठाची पदवी त्याच्याजवळ नव्हती, तरी हार्वर्डने त्याला प्राध्यापक केले. 'अस्मितेचा पेच' हा आज कुणाच्याही तोंडी असलेला शब्दप्रयोग त्याचाच. आपण कोण, हे ठाऊक नसलेला २६ वर्षांचा इंजिनियर आणि या पेचावर हयात घालवलेला हा चित्रकार यांची गाठ पडल्यावर काय झाले असेल ते सांगायला नको. कक्करांनी ठरवले, आपल्याला हेच करायचे आहे.

ठरवले खरे, पण मध्यमवर्गीय घरातला मुलगा आधी हातातली पदवी पुरी करतो. कक्करांनी व्हिएन्नाला जाऊन डॉक्टरेट घेतली, तीही फ्रॉईडच्या गावात अर्थशास्त्राची! मधे एक वर्ष हार्वर्डला एरिक्सनच्या हाताखाली काढले. त्यांचे पहिले महत्त्वाचे पुस्तकही मोठे मासलेवाईक आहे. 'टाइम अँड मोशन'चा जनक फ्रेडरिक टेलर याचे मनोविश्लेषण, १९७०चे. माझ्या उमेदवारीच्या काळात आमच्या शाखेत स्टॉपवॉच घेऊन दोन माणसे आली होती आणि एक चेक पास व्हायला किती सेकंद लागतात ते मोजत उभी राहिली होती. त्यांचा हा मूळपुरुष. टेलरला लहानपणी भयंकर स्वप्ने पडत. पाठीवर झोपल्यामुळे ती पडतात अशी त्याची समजूत झाली, म्हणून त्याने पट्ट्या जोडून एक साज तयार केला. झोपेत पाठीवर वळलाच तर टोचून जाग यावी, अशी योजना. जगभरच्या कारखान्यांतल्या मजुरांच्या हालचालींना ज्याने लगाम घातला त्याने पहिला लगाम स्वतःला घातला होता. हे वाचल्यानंतर मला त्या स्टॉपवॉचवाल्यांचा राग आला नाही. तेही कुणाच्या तरी वाईट स्वप्नाचीच चाकरी करत होते.

१९७१ ते १९७५ ही चार वर्षे कक्कर फ्रँकफर्टच्या सिग्मंड फ्रॉईड संस्थेत शिकले. मनोविश्लेषकाला आधी स्वतः रुग्ण व्हावे लागते. कोचावर आडवे पडून, मागे बसलेल्या विश्लेषकाला, मनात येईल ते सांगायचे. कक्करांचे विश्लेषक जर्मन. भाषा जर्मन. आणि सांगायचे काय, तर मावश्या, आत्या, काक्या, आजी, एका आईच्या जागी चार-पाच आया. वडिलांच्या धाकाबरोबरच त्यांचे साहेबापुढचे मिंधेपण. बिऱ्हाडभर माणसे आणि दाराला कडी म्हणून नाही. ऐकणाऱ्याच्या मनात 'कुटुंब' म्हटल्यावर तीन माणसे आणि एक कुत्रा. कक्करांनी पुढे प्रांजळपणे लिहिले, की समोरच्याला जे समजणार नाही ते मी नकळत बोलायचेच सोडून दिले. मनाचे काही कोपरे त्या खोलीत उजेडात आलेच नाहीत. दोष त्या विश्लेषकाचा नव्हता. पण मनोविश्लेषणाच्या खोलीत संस्कृती नावाचे तिसरे माणूस बसलेले असते आणि त्याला खुर्ची द्यावी लागते, हे त्यांना तिथे उमगले. पुढची पन्नास वर्षे त्यांनी ती खुर्ची मांडण्यात घालवली असे म्हटले तरी चालेल.

१९७५ साली दिल्लीला परतून त्यांनी व्यवसाय सुरू केला. त्यांच्या लेखनात रामनाथ नावाच्या (नाव अर्थातच बदललेले) ५१ वर्षांच्या एका रुग्णाची हकीकत आहे. जुन्या दिल्लीत किराणा मालाचे दुकान. तक्रार काय, तर भीती वाटते. कशाची ते सांगता येत नाही. डोके दुखते ते पोटातला वारा वर चढतो म्हणून, याविषयी त्याला शंका नव्हती. (आमच्या आजीलाही नव्हती.) लग्नानंतर काही महिन्यांत त्याच्या पोटात कळा येऊ लागल्या आणि वजन उतरू लागले. इस्पितळात क्ष-किरण झाले, व्हिटॅमिने झाली, टॉनिके झाली. शेवटी ओझाने निदान केले की नव्या सासऱ्याने करणी केली आहे. उतारा महाग पडला, पिवळे औषध घेऊन ओकाऱ्याही बऱ्याच काढाव्या लागल्या, पण दोन महिन्यांत माणूस ठणठणीत! भीतीसाठी कक्करांकडे येण्याआधी तो ॲलोपॅथ, होमिओपॅथ, वैद्य, हकीम, मानसोपचारतज्ज्ञ अशा सगळ्यांच्या पायऱ्या झिजवून आला होता.

शहाण्या डॉक्टरने या माणसाला अडाणी म्हणून हसावे, नाहीतर भोळा म्हणून कीव करावी. कक्करांनी दोन्ही केले नाही. त्यांच्या लक्षात आले, की रामनाथच्या लेखी या सगळ्यांत विरोध नाहीच. शरीर, मन, ग्रह, पितर, सासरा, गुरू हे सारे एकमेकांत पाझरत असतात. आणि त्याला हवा होता तो गुरू. मुकाट्याने ऐकणारा आणि 'यावर तुम्हाला काय वाटते?' असे उलट विचारणारा तज्ज्ञ नव्हे. डोळ्यांत करुणा असलेला, दोन शब्द सांगणारा वडीलधारा माणूस. फ्रँकफर्टला तर शिकवले होते की सल्ला द्यायचा नाही. मग करायचे काय? कक्करांनी मधली वाट काढली. शिकवलेले मौन त्यांनी टाकले नाही, पण थोडे सैल केले. जिव्हाळा दिसू दिला. आपल्याकडच्या रुग्णाला विश्लेषकाचे मौन हे शास्त्र वाटत नाही, तुटकपणा वाटतो, हे त्यांनी ओळखले.

रामनाथसारख्यांच्या मागोमाग ते मग त्या पायऱ्याही चढून आले. दिल्लीतल्या एका पिराकडे जाऊन बसले, राजस्थानात मेहंदीपूरच्या बालाजीला जाऊन अंगात येणाऱ्या बायाबापड्यांचे नातेवाईक भुताशी कसे बोलतात ते पाहिले, तिबेटी वैद्यांना भेटले. 'शामन्स, मिस्टिक्स अँड डॉक्टर्स' हे त्यांचे १९८२चे पुस्तक मला त्यांच्या सगळ्या लेखनात उजवे वाटते. भोंदूगिरीचा प्रश्न त्यांनी जरा सोडूनच दिला आहे, ही माझी तक्रार मात्र आहे. ज्या राज्यात जादूटोणाविरोधी कायद्यासाठी इतका झगडा झाला तिथल्या माणसाला ती असणारच. पण अंगात आलेल्या सुनेचे म्हणणे सासरचे लोक हात जोडून ऐकतात आणि एरवी तिचे कोणी ऐकत नाही, हे त्यांनी दाखवलेले सत्य आपल्याही देवळांच्या ओवऱ्यांत दिसते.

आता मोर आणि उंदराची गोष्ट. गणपती आणि कार्तिकेय यांच्यातली पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत मराठी घरात कुणाला ठाऊक नाही? आपल्याकडे गणपती आई-वडील दोघांना प्रदक्षिणा घालतो. कक्करांनी घेतलेल्या पाठात तो एकट्या आईभोवती फिरतो आणि बक्षीस असतो आंबा. मोरावरून विश्वाला वळसा घालून दमून आलेला कार्तिकेय पाहतो तो आंबा धाकट्याच्या हातात. कक्कर म्हणतात, प्रत्येक भारतीय मुलाच्या मनात हे दोघेही असतात. एकाला दूर जाऊन स्वतःच्या पायावर उभे राहायचे असते, दुसऱ्याला आईच्या पदरातच विश्व सापडलेले असते. दूर गेलेला आंब्याला मुकतो, जवळ राहिलेल्याचा दात मोडतो. फुकट कोणालाच काही मिळत नाही. फ्रॉईडने सारा भर बाप-लेकाच्या झगड्यावर दिला. इथल्या मुलाच्या मनावर खरी सत्ता आईची, हा कक्करांचा सिद्धांत. १९७८च्या 'द इनर वर्ल्ड'पासून ते तो मांडत आले. सगळ्यांना तो मान्य नाही. मुलींचे काय, गरिबांचे काय, सतराशेसाठ जातींचे काय, असे प्रश्न टीकाकारांनी विचारले आणि ते रास्तच आहेत. ज्या घरात आई पहाटे ऊसतोडीला जाते तिथे पदर कुठून पुरा पडायचा? पण पुण्याच्या पर्वतीवर कार्तिकस्वामीच्या देवळाशी घुटमळलो की मला हटकून कक्कर आठवतात. गणपती घरोघरी, आणि जग फिरून आलेला हा थोरला एकटा, ब्रह्मचारी, बायकांनी एरवी दर्शनही घ्यायचे नाही असा आपला जुना रिवाज.

कक्कर स्वतः मोरावर बसले होते हे उघडच आहे. १९९४पासून पुढे जवळजवळ वीस वर्षे ते पॅरिसजवळच्या फाँतेनब्लोला, 'इन्सिआद' या व्यवस्थापन संस्थेत नेतृत्व हा विषय शिकवायला जात. तिथे मॅनफ्रेड केट्स डी व्रीज हा डच प्राध्यापक होता, तोही अर्थशास्त्रज्ञ आणि मनोविश्लेषक. कंपन्यांच्या प्रमुखांना वर्गात बसवून नफ्यातोट्याऐवजी स्वतःविषयी बोलायला लावायचे अशी त्याची पद्धत. एकेकाने गोलात बसून आपली जीवनकथा सांगायची. कागदावर स्वतःचे चित्र काढायचे, डोक्यात काय, काळजात काय, पोटात काय आहे ते दाखवायचे. हजारो माणसांना नोकरीवर ठेवणारा आणि काढणारा माणूस वडिलांविषयी बोलताना मधेच थांबतो, आणि सोबतच्या पाचसहा जणांना कळते की हा कंपन्या का विकत घेत सुटला आहे. आज 'कोचिंग' म्हणून जे जगभर चालते त्याच्या खोल पाण्यातल्या शाखेचा एक झरा हा. आपल्या माणसांविषयी तिथे काय सांगायचे याचा विचार कक्करांना पडत असणारच. भारतीय साहेब हा एकत्र कुटुंबातल्या कर्त्यासारखा असतो. हाताखालच्यांना त्याच्याकडून हुकूमही हवा असतो आणि मायाही. पाटण्याच्या जय बी. पी. सिन्हांनी १९८० साली हेच वेगळ्या शब्दांत मांडले होते. माया करणारा पण काम चोख मागणारा साहेब इथे चालतो, नुसता मित्र होऊ पाहणारा चालत नाही.

याचा अनुभव मी घेतला आहे. १९९६च्या सुमारास आम्हा शाखाधिकाऱ्यांना एका प्रशिक्षण केंद्रात तीन दिवस डांबले होते. परदेशी शिकून आलेला तरुण प्रशिक्षक. 'मला नावाने हाक मारा,' म्हणाला. वर्तुळात बसवले आणि म्हणाला, 'तुमच्या वरिष्ठांबद्दल जे खटकते ते मोकळेपणाने बोला.' वर्तुळात आमचे विभागीय व्यवस्थापकही बसलेले! पाच मिनिटे पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मग एक जण म्हणाला, "आमचे साहेब प्रकृतीची काळजी घेत नाहीत, एवढंच खटकतं." प्रशिक्षकाने कपाळाला हात लावला. पण चहाच्या वेळी बघावे तर त्याच्याभोवती रांग लागलेली. एकेक जण त्याला बाजूला घेऊन विचारत होता, "सर, मुलगी बारावीला आहे, तिला कुठे घालू?" त्याला कळेना की वर्गात मुकी असलेली माणसे व्हरांड्यात एवढी मोकळी कशी होतात. मला त्या दिवशी नवल वाटले नाही. नवल वाटले ते बऱ्याच वर्षांनी, कक्कर वाचल्यावर. त्याला नावाने हाक मारायला आम्ही तयार नव्हतो कारण नावाने हाक मारायच्या माणसाकडून मुलीचा मार्ग विचारता येत नाही.

पुतणीला मी दुसऱ्या दिवशी गणपतीची आणि कार्तिकेयाची गोष्ट फोनवर सांगितली, आणि तुझे काही चुकले नाही, पुढच्या वेळी त्या डच माणसाला ही सांग, म्हटले. तिने सांगितली. त्याने पूर्ण ऐकून घेतली, थोडा वेळ गप्प राहिला आणि विचारले, "आणि त्या आईला काय हवं होतं?" पुतणी म्हणते की त्या प्रश्नाचे उत्तर ती अजून शोधते आहे. मीही शोधतो आहे. साठ वर्षे ही गोष्ट ऐकतो-सांगतो आहे, पण पार्वतीला कुणी विचारले नव्हते. माणूस परका असला की त्याला काही गोष्टी दिसत नाहीत हे खरे, पण काही फक्त त्यालाच दिसतात.

इथे हा लेख संपवायचा माझा विचार होता. पण एक देणे राहिले आहे.

१९९८ साली मी कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. तिथे एक कॅशियर होता. हिशेबात एक पैसा इकडचा तिकडे नाही, गिऱ्हाइकाशी गोड, कामात वाघ. पण अधिकारी म्हणून बढतीची संधी तीनदा आली आणि तीनदा त्याने नाकारली, कारण बढती म्हणजे बदली. कारण विचारले की खाली मान घालून म्हणायचा, "आई एकटी आहे, साहेब." वरिष्ठांकडे पाठवायच्या अहवालात मी त्याच्या नावापुढे लिहिले, 'कार्यक्षम, परंतु महत्त्वाकांक्षेचा अभाव.' हा शब्द मी कुठल्याशा इंग्रजी व्यवस्थापनाच्या पुस्तकातून उचलला होता आणि वापरताना मला भारी वाटले होते. मी बदलून गेलो. पुढे काही वर्षांनी त्याने आपण होऊन बढतीसाठी अर्ज केला. मुलाखतीत समोर माझा शेरा होता. त्याला बढती मिळाली नाही. हे मला माझ्या निवृत्तीच्या वेळी एका सहकाऱ्याकडून कळले.

कक्कर वाचल्यापासून मला तो माणूस फार टोचत होता. मी परक्या फुटपट्टीने आपला माणूस मोजला, आईभोवती प्रदक्षिणा घालणाऱ्याला आळशी ठरवले, असे मी मनाशी म्हणत होतो. गेल्या मे महिन्यात त्या बाजूला जाणे झाले तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून त्याच्या गावी गेलो. तोही आता निवृत्त. अंगणात आंब्याच्या पेट्या भरायचे काम चालू होते. आई बारा वर्षांपूर्वी गेली, तिचा फोटो ओटीवर. मी त्याला सगळे सांगितले. म्हटले, "तू आईसाठी थांबलास आणि मी भलतेच लिहिले. माझी चूक झाली."

तो हसला. पेटीत गवत सारखे करता करता म्हणाला, "साहेब, तुम्ही लिहिलंत ते खरं नव्हतंच. पण हेही खरं नाही. आई रोज म्हणायची, जा बाबा, मी राहीन शेजाऱ्यांच्या आधाराने. मलाच धाडस होत नव्हतं. परक्या गावात, परक्या माणसांवर साहेबी करायची म्हटलं की पोटात गोळा यायचा. मग आईचं नाव पुढे करायचो. आईचं नाव घेतलं की कुणी पुढे विचारत नाही ना."

मी काहीच बोललो नाही. सुचलेही नाही.

"आणि अर्ज केलात तेव्हा?" थोड्या वेळाने मी विचारले.

"तेव्हा भीती गेली होती," तो म्हणाला आणि चहाचे बघायला आत गेला.